ज्याअर्थी

ज्याअर्थी, कारकून वाचतोय,
आणि आडनाव अडकतं त्याच्या दातांत.
क्विस्ट, रे बाबा. एल्डन क्विस्ट.
बावीस वर्षं कंट्रोल रूममधून
मी हे नाव अंधारात सोडलंय,
वायरलेसच्या खरखरीवर, झोपेच्या काठावरून,
कधी उत्तर येईपर्यंत चार-चार वेळा.

बिस्मार्क. मार्च महिना. बाहेर मळकं बर्फ,
आत पितळेचे कठडे घासूनपुसून लख्ख.
मी गॅलरीत, तिसऱ्या रांगेत,
पर्समध्ये पेपरमिंट आणि पार्किंगची पावती.
खाली तो उभा, टोपी काखेत धरून.
इस्त्री बहिणीनं केलेली दिसते,
एका बाहीवर दोन घड्या पडल्यात.
चेहरा त्याचा मी उणापुरा दहा वेळा पाहिला असेन.
आवाज मात्र पाठ आहे.

ज्याअर्थी सदर अधिकाऱ्याने
स्वतःचा जीव धोक्यात घालून
हो, ते जानेवारीचं.
शाळेची बस, बर्फ फुटलेला नाला, अकरा मुलं.
पेपरात फोटो आला होता.
माझ्या कानात तेव्हा नुसते आकडे येत होते:
सात.
आठ.
नऊ.
मग इतका वेळ काहीच नाही
की माझ्या बोटांत पेन्सिल मोडली.
मग दहा. अकरा.
आणि, "लोर्ना, बायकोला सांग, बूट गेले."

ती बायको ठरावात नाही.
दोन वर्षांनी ती फार्गोला निघून गेली,
आणि त्या रात्री त्यानं मला
हायवेवर दिसलेली हरणं सांगितली,
एकेक करून, पहाटेपर्यंत.
मी नोंदवहीत लिहिलं: रस्ता मोकळा.

ज्याअर्थी निष्ठा, ज्याअर्थी अविरत सेवा
कारकुनाचा घसा सुकतो, तो पाणी पितो.
एक आमदार टेबलाखाली फोन बघतोय.
मला शाळेतल्यासारखा हात वर करावासा वाटतो:
गुरुजी, ते ऑगस्टचं कुठंय?

पत्ता मी चुकीचा सांगितला होता.
पूर्व म्हणायचं तिथं पश्चिम.
त्यानं भलतंच दार तोडलं,
आणि वेंडेल ग्रॉस नावाचा म्हातारा,
वय एकोणऐंशी, अंगात नुसती बनियन,
स्वतःच्याच स्वयंपाकघरात
गुडघ्यांवर बसला, हात वर,
उघड्या फ्रिजच्या उजेडात.
अहवालात एल्डननं लिहिलं:
पत्ता ऐकण्यात माझी चूक झाली.
ऐकण्यात.
टेप होती. कुणी लावली नाही.
मीही म्हटलं नाही, लावा.

नवं दार त्यानंच बसवलं,
सुट्टीच्या दिवशी, दोन रविवार.
ग्रॉसनं त्याला कॉफी विचारली नाही.
दोन्ही रविवारी.

त्याअर्थी, हे सभागृह असा ठराव करते की.
खुर्च्या सरकतात, सगळे उठतात, मीही उठते.
टाळ्या. बऱ्याच. माझ्या हातांत हातमोजे,
त्यामुळे माझ्या टाळीचा आवाज होत नाही.
मग अध्यक्ष चष्मा बदलतात.
पुढचा विषय: बीटच्या साखरेवरचा कर.

बाहेर लांबलचक संगमरवरी बोळ.
तो खिडकीशी पाठमोरा,
सोनेरी शिक्क्याची चौकट
ट्रे धरावा तशी धरून,
जणू काही सांडेल त्यातून.
ऑगस्टबद्दल बोलायचं मी गाडीत ठरवून आले होते.
चार तास, एकशे नव्वद मैल, वाक्यं जुळवत.
तोंडातून येतं ते भलतंच:
"चौदा, तुमचं ठिकाण सांगा."

तो वळत नाही.
मोकळा हात डाव्या खांद्याकडे जातो,
जिथं माइक असायचा,
आणि तिथल्या नुसत्या कापडाला म्हणतो,
"चौदा. इमारतीतच आहे.
नवे बूट चावतायत."

मी घड्याळ बघते.
अकरा बेचाळीस.
लिहायला जवळ काही नाही.